ओलं अंगण, कोरडं खुराडं

कोंबड्या आणि बदकं एका अंगणात पाळायची असतील तर दाण्याचा विचार नंतर करावा, आधी पाण्याच्या भांड्याचा. ते कुठे ठेवायचं, किती खोल असावं, तिथली जमीन कुणीकडे उतरते, सांडलेलं पाणी कुठे जाऊन मुरतं, एवढं बसवलं की बाकीचं हळूहळू जमत जातं. कोंबडी चोच बुडवते, मान वर करून घोट गिळते आणि बाजूला होते. बदक तोंडात कनकी भरून पाण्याकडे धावतं, डोळ्यांपर्यंत डोकं बुडवतं, नाकपुड्यांतून फुर्रकन पाणी उडवतं आणि पुन्हा दाण्याकडे पळतं. अशा चार फेऱ्या झाल्या की पाण्याच्या घमेल्यात कनकीचा लगदा होतो आणि दाण्याच्या ताटात पाणी. हा त्याचा घाणेरडेपणा नव्हे. बदकाच्या चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांतून पाणी गाळून खाणारा हा जीव आहे. कोरडा घास त्याच्या घशात अडकतो, आणि डोकं बुडवण्याइतकं पाणी मिळालं नाही तर डोळे चिकटतात, नाकपुड्या बुजतात. बदकाला हवं असलेलं हे पाणी कोंबडीच्या पायाखाली पोचू द्यायचं नाही, यातच आमच्या घरचं निम्मं काम सामावलेलं आहे.

आमच्या गावाला, गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला, पाण्याची अपूर्वाई नाही. एका अंगाला नवेगावबांध, दुसऱ्या अंगाला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, मधे जंगल आणि जंगलाच्या मोकळ्या पट्ट्यांत धानाच्या बांध्या. भंडारा-गोंदियाचा हा मुलूखच तलावांचा. कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव, मालगुजारी तलाव, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं. तरीही आमच्याकडच्या घरांत बदक क्वचितच दिसायचं. कोंबडी मात्र घरोघरी, ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडेही. बदकं बघायला अरुणनगर, गौरनगरकडे जावं लागे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची ही गावं आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहेत, आणि तिथल्या बायकांच्या हाताला बदकाची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. माझी पहिली बदकं तिथल्याच एका मावशींकडून आणलेली. त्यांनी टोपलीवर गोणपाट बांधता बांधता सांगितलं होतं, ‘‘बाई, खायला तं हे आपापलं शोधते, तुम्ही फक्त रातच्याला कोरडं ठेवा.’’ पाण्यातल्या पक्ष्याला कोरडं ठेवायचं, हे तेव्हा मला उलटं वाटलं. आता कुणीही विचारलं की मीही तेच सांगते.

सासूबाईंच्या वेळचं खुराडं मातीच्या ओट्यावर होतं, आत आडव्या काठ्या. कोंबडीला तेवढं पुरतं. दिवेलागणीला तिला दिसेनासं होतं, ती काठीवर चढते आणि उजाडेपर्यंत हलत नाही. बदक काठीवर बसत नाही. ते जमिनीवर बसतं, रात्री निम्मं जागं असतं, इकडून तिकडे फिरतं, आणि त्याच्या विष्ठेत पाणीच जास्त. दोघांना एका खोलीत कोंडलं तर वरून कोंबडीची घाण बदकाच्या पाठीवर पडते आणि खालच्या ओल्या तनसाची वाफ कोंबडीच्या डोळ्यांत, छातीत जाते. सकाळी दार उघडल्यावर स्वतःच्याच डोळ्यांना चुरचुर लागली, तर पक्ष्यांनी रात्र कशी काढली असेल ते समजावं. म्हणून छप्पर एक, पण मधे बांबूचा तट्टा आणि दारं दोन. बदकांचा कप्पा उताराच्या बाजूला, म्हणजे ओल खाली जाते, कोंबड्यांकडे चढत नाही.

बदकांच्या कप्प्यात खाली मुरूम आणि वर धानाचं तूस. आमच्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. श्रावणातल्या झडीत तूस किती दिवस टिकेल याचा नेम नसतो. मी मूठभर उचलते आणि दाबते. मूठ उघडल्यावर ते मोकळं झालं तर ठीक. लाडू वळला तर त्याच दिवशी काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकायचं आणि नवं पसरायचं. कंटाळा करून भागत नाही, कारण कोंबडीच्या पिल्लांची रक्ती हगवण ओल्या जमिनीतूनच येते. बदकाचं पिल्लू त्याच ओलीत खुशाल लोळतं. एकाला जे मानवतं त्यानं दुसऱ्याचा जीव जातो, आणि दोघंही दिवसभर एकाच अंगणात असतात.

रात्री बदकांच्या कप्प्यात पाणी ठेवत नाही, म्हणून दाणाही ठेवत नाही. पाण्याशिवाय दाणा द्यायचाच नाही, हा नियम कडक आहे. सकाळी कोंबड्यांचं दार फटफटायला उघडतं. बदकांचं मात्र ऊन अंगणात आल्यावर, आठ-नऊच्या सुमारास. बदकी अंडं पहाटे किंवा सकाळी लवकर घालते; आधी सोडलं तर अंडं बोडीच्या चिखलात जातं आणि मुंगसाला मिळतं. तोवर आतून जो कालवा चालतो तो शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जातो. हीच बदकं रात्री रानमांजराचा वास आला की तसंच ओरडून घर उठवतात. कोंबडी काठीवरून उचलली जाईपर्यंत आवाज करत नाही. दोन्ही एका छपराखाली ठेवण्यात मला सगळ्यात मोठा फायदा कुठला वाटत असेल, तर हा.

खाकी कॅम्पबेल जातीची बदकी वर्षाला २८०-३०० अंडी देऊ शकते. परसातली साधी गावठी कोंबडी ६०-८० देते. पण एवढी अंडी मिळवण्याच्या नादात माणसानं या बदकीतलं खुडूकपणच काढून टाकलं आहे. ती अंड्यांवर बसत नाही. बसते ती कोंबडी. म्हणून आमच्याकडे बदकाची पिढी कोंबडीच्या पोटाखाली तयार होते, आणि या व्यवहारात मला जे बघायला मिळालं ते दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नाही.

खुडूक कोंबडीखाली बदकाची पाच-सहाच अंडी ठेवते, मोठी असतात म्हणून. कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी निघतं, बदकाचं अठ्ठावीस दिवसांनी. तो जादाचा आठवडा कोंबडीच्या अंगावर निघतो. दिवसातून एकदा तिला उचलून बाहेर आणायचं, दाणापाणी द्यायचं, अंगाला माती लावून घेऊ द्यायची. तेवढ्यात अंडी हातानं फिरवायची, कारण तिच्या पायांना ती जड जातात. शेवटच्या दिवसांत कोमट पाण्याचा हलका शिपका द्यायचा. बोडीतून ओल्या अंगानं येऊन बसणारी आई या अंड्यांना नाही. ती ओल आपण द्यायची. कवच कोरडं राहिलं तर आतली पातळ कातडी चिवट होते आणि पिल्लू चोच मारून मारून आतच दमतं. एकदा अंडं कानाशी धरलं आणि आतून बारीक टकटक ऐकली, तेव्हा कोंबडी माझ्या मनगटावर चोच मारत होती. अंडं तिच्या जातीचं नाही, हे तिच्या लेखी नव्हतंच.

बोडीच्या काठावर घुटमळणारी कोंबडी आणि पाण्यात शिरलेली तिची पिल्लं, याची गावात थट्टा होते. मला हसू येत नाही. ती काठावर खरोखर कासावीस होते, पंख पाडून धावते, घसा कोरडा होईपर्यंत बोलावते. तिला तो त्रास नको आणि पिल्लांनाही धोका नको, म्हणून पहिले चार-पाच आठवडे मी पिल्लांना खोल पाणी दाखवत नाही. बदकीबरोबर न वाढलेल्या पिल्लाची लव पाणी धरते. ते भिजतं, गारठतं आणि संध्याकाळपर्यंत जातं. उथळ ताटलीत आंघोळ तेवढी करू द्यायची. या आठवड्यांत कोंबडी त्यांना जमिनीवरचं जगणं शिकवते. घार दिसली की ती एक लांब, घोगरा आवाज काढते आणि बदकाची पिल्लं तिच्या मागोमाग पळसाच्या झुडपात शिरतात. यंत्रात उबवून आणलेली पिल्लं आम्ही एकदा वाढवली, ती घार डोक्यावर आली तरी अंगणाच्या मधोमध उभी असत.

पिल्लांच्या खाण्यात मात्र कोंबडीवर विसंबून चालत नाही. बदकाच्या पिल्लाला नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावरच वाढवलं तर पाय वाकतात, गुडघे सुजतात, पिल्लू बसून राहतं. पशुवैद्यक पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यायला सांगतात. मी सोबत अझोला आणि ठेचलेल्या गोगलगायी देते.

खाद्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त धास्ती बुरशीची. पावसाळ्यात कोंडा, कनकी, शेंगदाण्याची पेंड यांना वास धरायला वेळ लागत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या, आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष माणसाला कळलं. या विषाला बदकाचं पिल्लू विलक्षण हळवं आहे. आमच्याच गल्लीत एका घरी हे बघितलं. पोतं भिंतीला टेकलेलं, भिंत ओलावलेली, वरचा कोंडा छान आणि खालचा हिरवट. कोंबड्या नुसत्या मलूल झाल्या, पण बदकाची पिल्लं एकामागून एक माना टाकत गेली. त्या घरच्या आजीबाई पदरात पिल्लू घेऊन बसल्या होत्या आणि कुणी नजर लावली ते आठवत होत्या. त्यानंतर बाया पोती लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवू लागल्या. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला कोंडा काढते आणि हुंगते. शंका आली तर तो खतात जातो, कितीही महाग असो.

नरांचा प्रश्न नाजूक आहे, पण लिहायलाच हवा, कारण याबद्दल कुणी बोलत नाही आणि कोंबड्या मरतात. बदकाच्या नराला बदक्या कमी पडल्या तर तो कोंबड्यांच्या मागे लागतो. कोंबड्याच्या आणि त्याच्या शरीराची रचना वेगळी आहे. त्याला लिंग असतं, कोंबड्याला नसतं. कोंबडीला आतून इजा होते. वरून पाहिलं तर फक्त पाठीची पिसं गेलेली दिसतात, आणि दोन दिवसांनी कोंबडी कोपऱ्यात मेलेली सापडते. पाच-सहा बदक्यांमागे एक नर, याहून जास्त ठेवायचे नाहीत. उरलेले नर वेळेवर विकायचे किंवा कापायचे.

कापायचं म्हटलं की मला एका आजींची आठवण येते. आमच्या गावाला लागूनच १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. त्या आजी मण्यांची माळ ओढत आमच्या कुंपणाशी येऊन बदकं बघत उभ्या राहत. त्यांच्या डोंगरातला समज त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितला होता: मोठं जनावर मारलं तर एक जीव जातो आणि पुष्कळ माणसं जेवतात, कोंबडी, मासळी मारायची म्हणजे एका जेवणासाठी कितीतरी जीव. मी मांस खाणाऱ्या घरातली आहे आणि नर कापतेही. पण तेव्हापासून अंडी बसवताना नर किती निघतील आणि त्यांचं पुढे काय, याचा विचार आधी करते. गरज नसताना अंडी उबवत नाही.

रोवणीनंतर बदकांना काम लागतं. पऱ्हे उपटून बांधीत लावल्यावर मुळं धरायला दोनेक आठवडे द्यायचे, मग अर्धी वाढलेली बदकं बांधीत सोडायची. ती धान खात नाहीत; कोवळं तण, गोगलगायी आणि बुडाशी बसलेले तुडतुडे वेचतात, आणि पायांनी चिखल ढवळत राहतात. जपानात फुकुओकाच्या ताकाओ फुरुनो या शेतकऱ्यानं १९८८ पासून ही पद्धत नीट बसवली आणि आशियाभर नेली. केरळच्या कुट्टनाडात कापणी झालेल्या शेतांवर बदकांचे कळप फिरवण्याची रीत त्याहून जुनी. आमच्या एका बांधीत निंदणाची मजुरी स्पष्ट कमी झाली. धान निसवायला लागलं की मात्र बदकं त्या दिवशीच बाहेर, कारण लोंबी दिसली की त्यांना ती समजते.

अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्या धुऱ्यापलीकडच्यानं फवारणी केली तर ते औषध माझ्या बदकांच्या पोटात येतं. म्हणून वरच्या शेतकऱ्याशी बोलणं, त्याच्या फवारणीचा दिवस विचारून घेणं, त्या आठवड्यात बदकं घरी ठेवणं. हे दरवर्षी करावं लागतं आणि दरवर्षी त्याला हसू येतं. पण गेल्या पावसाळ्यात त्यानंच निरोप धाडला, ‘‘काकू, उद्या मारतो जी, बदकं बांधा.’’ कोंबड्यांची पाळी येते ती चुरणं झाल्यावर. खळ्यावरचा सांडलेला दाणा आणि पुंजण्याखालचे किडे वेचण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बदकांना पाण्यातलं आणि कोंबड्यांना वाळलेलं. एका शेतावर दोघांची वर्षभराची कामं अशी वाटली गेली आहेत.

हिवाळा आला की माझा कल बदलतो. मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगावबांधचे पक्षी मराठी वाचकांपर्यंत पोचवले, त्या तलावावर थंडीत उत्तरेकडचे पाणपक्षी उतरतात: तलवार बदक, लालसरी, पट्टकादंब. बघायला डोळे पुरत नाहीत. पण पाळीव बदक त्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात गुपचूप राहू शकतो आणि तिथून कोंबडीत आला की खुराडं रिकामं करतो. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, नंदुरबारच्या नवापूरला आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. आम्ही वाघांच्या शेजारी राहणारी माणसं. मेलेली कोंबडी जंगलाच्या कडेला फेकून देण्याची गावची सवय मला म्हणूनच सहन होत नाही. खोल खड्डा, चुना, वर काटे, असंच पुरलं पाहिजे. थंडीचे महिने आमची बदकं घरच्या बोडीवरच राहतात.

मानमोडीचंही, म्हणजे राणीखेत रोगाचंही, तसंच आहे. बदकं बहुधा धडधाकट दिसतात, पण रोग वाहू शकतात. कोंबड्या मात्र तीन-चार दिवसांत साफ होतात. लस साधी आहे: पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. पण एक कुपी शंभराच्या वर पक्ष्यांची, कालवल्यावर दोनेक तासांत संपवायची, आणि आम्हा प्रत्येकीकडे पक्षी दहा-पंधरा. एकटीनं आणली तर बहुतेक वाया जाते. म्हणून बचत गटाच्या बैठकीत दिवस ठरतो. एकजण थर्मासात बर्फ घालून कुपी आणते, आणि त्या सकाळी गल्लीभर कोंबड्या डालग्यांखाली झाकलेल्या असतात. बदकांची डक प्लेगची लस वेगळी, तिची मागणी आधीच द्यावी लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेला आणि दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत बाहेरगावचे पक्षी गावात येतात. तेव्हा नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय मी कळपात सोडत नाही; पाहुण्यानं आणलेला असला तरी.

उन्हाळ्यात बोडी आटते. मधे चिखलाचं डबकं उरतं, त्यात मेलेली मासळी, त्यावर अळ्या. बदकाला हे खाद्य वाटतं, पण त्यातल्या विषानं मान लुळी पडते आणि उभं बदक सांजेला आडवं होतं. एप्रिल लागला की डबक्याभोवती काटेरी कुंपण घालते आणि कळप कमी करते. हापशीचं पाणी आणून जेवढी जगवता येतील तेवढीच ठेवायची.

पैशाचं शेवटी सांगते, पण माझ्या मनात ते पहिलं आहे. कोंबडीचा पैसा बाईचा. धानाचे चुकारे नवऱ्याच्या खात्यात येतात, बैल त्याचा, ट्रॅक्टरचं भाडं तो ठरवतो. अंड्यांचे पैसे मात्र कनवटीला बाईच्या. मुलीच्या वह्या, एसटीचं तिकीट, दवाखाना, माहेरच्या लग्नातला आहेर, हे सगळं त्यातून होतं आणि कुणाला विचारावं लागत नाही. पाचशे पक्ष्यांची शेड उभी राहिली, कर्ज निघालं, की कागदावर नाव पुरुषाचं येतं आणि बाईकडे झाडलोट उरते. हे मी आजूबाजूला पाहिलं आहे. म्हणून मोठं करा, मोठं करा, असा सल्ला मला कुणी दिला की मी ऐकून घेते आणि कळप तेवढाच ठेवते. बदकांनी या पैशात भर घातली ती वेगळ्या मोसमाची. पावसाळ्यात गावठी कोंबड्या पिसं टाकतात, खुडूक होतात, अंडी थांबतात. त्या दिवसांत बदकी घालत राहते. गावात बदकाचं अंडं अजून सगळे खात नाहीत, पण अरुणनगरकडची गिऱ्हाईकं ठरलेली आहेत, आणि ६५-७० ग्रॅमच्या अंड्याला ती चांगला भाव देतात.

यंदा गटातल्या दोघी बदकं मागताहेत. एकीचं घर उतारावर, मागे बोडी. तिला पाच माद्या आणि एक नर देईन, लस झाल्यावर, रोवणीच्या आधी. दुसरीचं अंगण सिमेंटचं आहे आणि पाणी हापशीवरून आणावं लागतं. तिला मी गावठी तलंगा घ्यायला सांगितलं. तिला ते आवडलं नाही. पुढच्या रविवारी तिच्या घरी जाऊन, मागच्या भिंतीलगत नाली काढता येते का, ते दोघी मिळून बघणार आहोत.